पाण्याखाली चालणारे यंत्र

सोलापूरहून समुद्र कोणत्याही दिशेला जवळ नाही. पश्चिमेकडे जायचे तर घाट उतरावा लागतो, आणि पूर्वेचा समुद्र आमच्या बोलण्यातही येत नाही. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. शिक्षक कमी पडले की भूगोलाचेही तास घेतले. भरती-ओहोटीचा धडा शिकवताना फळ्यावर चंद्र, पृथ्वी आणि पाण्याचा फुगवटा मी बऱ्यापैकी नेटका काढत असे. वर्गातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नसे आणि शिकवणाऱ्यानेही नसे. अशा माणसाने निवृत्तीनंतरचा एक अख्खा पावसाळा, समुद्राच्या पाण्याखाली धातू शोधणारे यंत्र विकत घ्यावे की घेऊ नये, या एकाच प्रश्नात घालवला. प्रश्न हास्यास्पद वाटण्याजोगा आहे, म्हणून तो कसा उद्भवला हे क्रमाने सांगणे भाग आहे.

आम्ही लिंगायत. आमच्यात मूल जन्मले की थोड्याच दिवसांत त्याच्या अंगावर इष्टलिंग बांधतात. हे लिंग म्हणजे बोराएवढा एक दगड. त्यावर काळ्या लेपाचा गुळगुळीत थर असतो. लिंग कापडात गुंडाळून चांदीच्या लहानशा डबीत ठेवायचे आणि ती डबी दोऱ्याने गळ्यात घालायची. डबीला करडगी आणि दोऱ्याला शिवदार, हे कानडीतून आलेले शब्द आमच्या घरात रुळलेले आहेत. रोज सकाळी स्नान झाले की लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, शिजलेले अन्न त्याला दाखवायचे आणि मगच आपण खायचे. बोलताना आम्ही डबीलाही लिंगच म्हणतो. ‘लिंग काळं पडलंय, घासून घे’ असे कोणी म्हणाले तर दगड घासायचा नसतो, चांदी घासायची असते. ऐकणाऱ्याला ते कळते, त्यामुळे हा शब्द नेमका करण्याची गरज आम्हांला कधी पडली नाही.

माझी पत्नी अक्कलकोटच्या पलीकडच्या, सीमेलगतच्या गावची. तिची पूजा आणि तिचा राग दोन्ही कानडीत. मराठी ती लग्नानंतर शिकली. मीही लिंग बाळगतो, पूजाही करतो. पण शाळेच्या तपासणीच्या दिवशी घाई असली तर पूजा न करता दोन घास खाऊन मी निघत असे. तिने असे कधीही केले नाही. प्रवासात उशीर झाला, स्नानाची सोय झाली नाही, तर ती पाण्यावर राहत असे आणि आमचे जेवण होईपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसत असे. हे तिला कठीण जात नव्हते. श्वास घेण्यासाठी कोणी वेगळा निश्चय करत नाही, तसे ते होते.

मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याहून आमची मुलगी आली आणि तिने आम्हां दोघांना गाडीत घालून कोकणात नेले. माझ्या पत्नीने समुद्र प्रथमच पाहिला. आधी ती दूर वाळूत बसून राहिली. मग पदर खोचून मुलीचा हात धरून घोटाभर पाण्यात उभी राहिली. मग गुडघाभर.

“अव्वा, अजून थोडं पुढं ये की. काही होत नाही,” मुलगी म्हणाली.

“तू लहानपणी नळाखाली बसायला रडायचीस, आन् आता मला शिकवतीस,” ती म्हणाली, आणि पुढे गेली.

लाट बाजूने आली. ती पाण्यातच खाली बसली. दुसरी लाट तिच्या डोक्यावरून गेली. मुलीने तिला उभे केले तेव्हा तिच्या नाकातोंडात पाणी होते आणि ती हसत होती. मी किनाऱ्यावर उभा होतो, मीही हसलो. खोलीवर जाऊन कपडे बदलताना तिचा हात गळ्याशी गेला. शिवदार तेथेच होता, ओला, एका बाजूने तुटलेला. करडगी नव्हती.

अंधार पडेपर्यंत आम्ही पायांनी वाळू चाचपत राहिलो. परतीच्या प्रवासात मुलगी गाडी चालवताना रडत होती. मागच्या आसनावरून पत्नी एकदाच बोलली, “तू कशाला रडतीस? तुझं गेलंय का?” त्यात टोमणा नव्हता. तिला खरोखरच समजून घ्यायचे होते. त्या शांततेत काहीतरी बोलावे म्हणून मी म्हणालो, “मिळेल. पाण्याखाली धातू शोधायची यंत्रं असतात.” मी मोबाइलवर तसे एक यंत्र पाहिले होते. परदेशातल्या किनाऱ्यावर एक माणूस कानाला हेडफोन लावून कमरेइतक्या पाण्यात लांब दांडा फिरवत होता आणि वाळूतून अंगठ्या काढत होता.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी तिने स्नान केले, पाटावर बसली आणि सवयीने डावा तळहात उघडला. त्यावर काही नव्हते. ती तशीच बराच वेळ बसून राहिली. मग उठून तिने दूध घेतले, एक केळे खाल्ले. शिजलेल्या अन्नाला तिने हात लावला नाही.

“दाखवल्याशिवाय शिजलेलं कसं खायाचं?” ती म्हणाली.

तिला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना पुढचे समजावून सांगायला नको. गोळी आपले काम करते. पोटात अन्न आहे की नाही हे ती विचारत नाही.

आमच्या घराण्याचे धार्मिक विधी करणारे स्वामी आहेत; त्यांना आम्ही अय्या म्हणतो. मी त्यांना बोलावून आणले. वयस्क, मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “अक्का, लिंग हरवलं तर दुसरं देता येतं. दीक्षा परत करायची. यात पाप काही न्हाय.”

“हरवलं म्हणजे गेलं न्हाय की, अय्या.”

“समुद्रात पडलं म्हणजे गेलंच म्हणायचं.”

“नवरा परगावात हरवला म्हणून बायको लगेच दुसरा करती काय?”

अय्या हसले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “मास्तर, यावर तुमचं काय म्हणणं?”

“त्यांना काय विचारताय? त्यांना भाजीला पाठवलं तर पिशवी हरवून हे तेवढे परत येतात.” मग ती गंभीर झाली. “माझं कुटंतरी पडलंय, अय्या. ते तितं पडलेलं असताना मी हितं दुसरं कसं बांधून घेऊ? आन् हे म्हणतात मिळणार हाय. यंत्र असतंय म्हणतात.”

अय्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिले. या वेळी ते हसले नाहीत.

त्या दिवसापासून मी यंत्राचा अभ्यास सुरू केला. अभ्यास हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. या यंत्राच्या टोकाला तारेचे वेटोळे असते. वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडला की त्याच्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. जवळ धातू असेल तर त्या धातूत लहान लहान प्रवाह फिरू लागतात, आणि त्यांचे स्वतःचे क्षेत्र वेटोळ्याला जाणवते. यंत्र वाजते. दहावीच्या पुस्तकातले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. अडचण अशी की खारे पाणीही वीज वाहून नेते, म्हणून जमिनीवरचे साधे यंत्र समुद्रात पाण्यालाच धातू समजून सतत वाजत राहते. समुद्रासाठीची यंत्रे प्रवाहाचा एक झटका देतात, क्षणभर थांबतात आणि मग ऐकतात. तेवढ्या वेळात पाण्याचा प्रतिसाद विरून जातो, धातूचा मागे उरतो. हे समजले तेव्हा मला आनंद झाला. घरात एक माणूस उपाशी असताना झालेला तो आनंद होता, तरी तो झाला.

मुंबईतल्या एका विक्रेत्याला मी फोन केला. आवाजावरून तो तरुण आणि उत्साही वाटला.

“बोला सर. छंद म्हणून हवंय की काही हरवलंय?”

“हरवलंय.”

“अंगठी? मंगळसूत्र?”

“लिंग,” मी म्हणालो.

तो जपून म्हणाला, “म्हणजे पिंड? देवळातली?”

“नाही. गळ्यातलं.”

“काका, स्पष्टच सांगतो. गुप्तधनासाठी आम्ही मशीन देत नाही. अमावास्या, लिंबू, खोदाखोदी, हे आपल्याकडे नाही. मागे एकाला दिलं आणि पोलीस माझ्या दारात.”

“मी निवृत्त शिक्षक आहे.”

“त्यांतले निम्मे शिक्षकच असतात, काका.”

मग मी त्याला समजेल असे सांगितले: चांदीची डबी, गळ्यात घालायची, समुद्रात पडली. “असं सांगा ना,” तो मोकळेपणाने म्हणाला. “चांदीचा सिग्नल एकदम मस्त येतो.” त्यानंतर मी सगळ्यांशी बोलताना ‘चांदीची डबी’ हेच शब्द वापरू लागलो. मुलीला सांगताना, शेजाऱ्यांना सांगताना, आणि पुढे पुढे स्वतःशी विचार करतानाही. शब्द सोपा होता, नेमका होता, गैरसमजाला त्यात जागा नव्हती. विद्यार्थ्यांना मी नेहमी असेच शब्द वापरायला सांगत असे. त्या नेमकेपणात दगड माझ्या वाक्यातून गळून पडला आहे, हे मात्र माझ्या ध्यानात आले नाही.

यंत्र महाग होते. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला विचार करावा लागेल इतके महाग. मुलगी म्हणाली, “अप्पा, मी घेते, तुम्ही फक्त कोणतं ते ठरवा.” पण ठरवणे हेच तर माझे काम होते, आणि ते मी माझ्या पद्धतीने करत होतो. कोणत्या खोलीपर्यंत चालते, वेटोळे किती मोठे असावे, लहान वस्तूला मोठे वेटोळे चुकवते का, लोखंडी खिळा आणि चांदी यांतला फरक ते सांगते का. एकेका प्रश्नाला दिवस जात होते.

दिवस जात होते आणि पत्नी दूध-केळ्यावर राहत होती. संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसे.

“यंत्राचं काय झालं?”

मी सांगे. ती लक्ष देऊन ऐके. अनेक विद्यार्थ्यांपेक्षा अधिक लक्ष देऊन. तिचेही प्रश्न असत. “लाट आली तर यंत्र वाहून जात न्हाय का? लेकीनं धरलं तर चालंल का? तुमच्या हातात दिलं तर तुमी समुद्राला तास घ्यायला लागाल.” एकदा ती म्हणाली, “मी सगळं ठरवलंय. मिळालं की तितंच किनाऱ्यावर बसून पूजा करणार, आन् तितंच जेवणार. लेकीला सांगा, डबा हितनंच भरून न्यायचा.” असे म्हणताना तिने आवंढा गिळला. तिला भूक लागत होती. भूक मरून जाईल अशी माझी एक अंधूक समजूत होती. ती चुकीची होती.

एका दुपारी स्वयंपाकघरातून भांडे पडल्याचा आवाज आला. मी गेलो तर ती ओट्याला टेकून जमिनीवर बसली होती. अंगाला घाम, हात थरथरत होते, आणि ती माझ्याशी कानडीत काहीतरी बोलत होती, जे मला समजत नव्हते. मी साखरेचे पाणी तिच्या तोंडाला लावले. थोड्या वेळाने तिने मला ओळखल्यासारखे पाहिले आणि मराठीत म्हणाली, “साखर लई घातली.”

डॉक्टरांनी तिला तपासले, माझ्यावर नजर रोखली आणि तिला विचारले, “गोळ्या मी कमी करतो, पण जेवण नसेल तर कुठलीच गोळी चालणार नाही. हे असं अजून किती दिवस?”

“यंत्र येईपर्यंत,” ती म्हणाली.

“कसलं यंत्र? शुगर तपासायचं? ते मेडिकलमध्ये मिळतं की, सर. आजच घेऊन जा.”

मी त्यांना खरे काय ते सांगितले नाही. मला ते सांगता आले नाही. पण त्या खुर्चीवर बसल्या बसल्या मला कळले की ती समुद्रासाठी उपाशी नव्हती आणि लिंगासाठीही पूर्णपणे नव्हती. ती माझ्या एका वाक्यावर उपाशी होती. ‘मिळेल’ असे मी म्हणालो होतो, आणि मी उगाच काही बोलत नाही, अशी माझी घरात ख्याती होती. तिच्या लेखी लिंग हरवलेले होते, गेलेले नव्हते. आणि मध्ये हे यंत्र उभे होते. तेव्हाही या जाणिवेचा मी उलटाच अर्थ लावला. यंत्र लवकर घेतले पाहिजे, असे मी ठरवले.

विक्रेत्याला पुन्हा फोन केला.

“कधी पडली डबी?” त्याने विचारले. “भरती होती की ओहोटी?”

मला सांगता आले नाही. पाणी चढत होते की उतरत होते, हे मी पाहिलेच नव्हते.

“ठीक आहे. पण आता पावसाळा लागला. आता पाण्यात उतरायचं नाही, काका, जीव जाईल. दिवाळीनंतर या.”

“तोपर्यंत ती तिथेच राहील?”

“पावसाळ्यात किनाऱ्याची वाळू सगळी उलटीपालटी होते. कधी वस्तू वर येते. कधी पार खाली जाते. मी मशीनची गॅरंटी देतो. समुद्राची कशी देऊ?”

तो प्रामाणिक माणूस होता. दिवाळी हा शब्द ऐकल्यावर मी पत्नीकडे पाहिले. ती अंगणात तुळशीजवळ बसली होती. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या.

तरीही मला आशा सोडवेना. दिवाळीपर्यंत तिला कसेतरी जेवायला लावू, असे मी मनाशी म्हटले. यंत्र घरात आले, तिला डोळ्यांनी दिसले, तर तेवढ्यानेही ती दोन घास खाईल. पण विकत घेण्यापूर्वी तत्त्व पडताळून पाहावे, हा माझा स्वभाव. माझ्या जुन्या शाळेच्या प्रयोगशाळेत विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही केलेला धातुशोधकाचा एक नमुना होता. प्लॅस्टिकच्या ताटलीवर गुंडाळलेली तार, एक छोटा विद्युत परिपथ, एक कर्कश भोंगा. आता तेथे शिकवणाऱ्या बाईंनी तो धूळ झटकून मला दिला. समुद्रातल्या यंत्रापुढे हे खेळणेच. पण खेळण्यानेही मूळ गोष्ट कळते.

सकाळी मी परसात प्लॅस्टिकचे एक घमेले घेतले, त्यात बांधकामाची उरलेली वाळू घातली, वर पाणी. आधी साधे पाणी, मग मीठ विरघळवलेले; एवढ्याशा खाऱ्या पाण्याने भोंगा वाजत नव्हता. हरवलेल्या करडगीसारखीच एक करडगी माझ्या गळ्यात होती. ती काढून मी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली आणि वाळूत पुरली. पत्नी मागच्या दाराच्या पायरीवर येऊन बसली. मी ताटली फिरवली. भोंगा वाजला.

“वाजलं की,” ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला. “परत वाजवा.”

मी परत वाजवले. पिशवीची जागा बदलली, मी डोळे मिटून तिला ती पुरायला लावली, तरी सापडली. ती लहान मुलीसारखी हसली. कोकणातून परतल्यानंतरचे तिचे ते पहिले हसू.

प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी शाळेत सतत सांगत आलो. त्याच सवयीने पुढची पायरी मी केली. करडगी उघडली, कापडात गुंडाळलेले लिंग काढून डाव्या हातात धरले आणि रिकामी डबी वाळूत पुरली. भोंगा वाजला, तितकाच, त्याच सुरात. मग, केवळ प्रयोग पुरा व्हावा म्हणून, मी ताटली माझ्या डाव्या तळहातावर धरली. भोंगा गप्प होता.

“का वाजंना?” तिने विचारले.

“तो धातू नाही. दगड आहे,” मी म्हणालो. वर्गात सांगावे तसे, शांतपणे, ठसवून. आणि मग मी काय म्हणालो ते मला ऐकू आले.

ती पायरीवरून उठली नाही. “म्हणजे रिकामी डबी बी वाजती.”

“होय.”

“आन् डबी उघडून लिंग एकटंच पडलं असंल, तर?”

“नाही वाजणार.”

“माझ्या डबीचं झाकण नुसतं दाबून बसायचं. पेच नव्हता त्याला.” तिने हे तक्रारीने म्हटले नाही, एखादी माहिती द्यावी तसे म्हटले. “मग इतके दिवस तुमी काय शोधायला निघाला होता?”

मी वाळूत हात घालून रिकामी डबी बाहेर काढली.

“चांदी तर सराफात बी मिळती की,” ती म्हणाली, आणि आत गेली.

पुढचे काही दिवस मी दोन्ही बाजू मांडत राहिलो. झाकण घट्ट राहिलेही असेल. लिंग डबीतच असेल, डबी वाळूत असेल, वाळू तेथेच असेल. यांतले काहीही अशक्य नव्हते. यंत्र घेतले तर दिवाळीपर्यंत आशा, म्हणजे दिवाळीपर्यंत दूध आणि केळे. त्यानंतर समुद्रात उतरायचे आणि बहुधा काही न मिळता परत यायचे. किंवा याहून वाईट म्हणजे डबी मिळायची. मी ती किनाऱ्यावर तिच्यासमोर उघडायची आणि आत ओली वाळू निघायची. त्या क्षणाची मी अनेकदा कल्पना करून पाहिली. आणि यंत्र घेतले नाही तर मला एक शब्द बोलावा लागणार होता, जो बोलायला मला कोणताही आधार नव्हता. शोध न घेताच एखादी गोष्ट नाही म्हणून सांगणे माझ्या शिक्षणात बसत नव्हते.

एका सकाळी ती पाटावर बसली होती, नेहमीसारखा डावा तळहात उघडा ठेवून. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, “ते गेलं.”

तिने मान वर केली. “नक्की?”

‘शक्यता फार कमी आहे’ हे वाक्य माझ्या तोंडात तयार होते. मी ते गिळले. “नक्की,” मी म्हणालो.

“साकु,” ती म्हणाली. कानडीत याचा अर्थ पुरे, बास. तिने तळहात मिटला, पदराला पुसला आणि उठली.

त्याच दिवशी मी अय्यांकडे गेलो. माझ्या हिशोबाने आता कोंडी फुटली होती: जुने गेले हे तिने मान्य केले, म्हणजे नवे घ्यायला वाट मोकळी. अय्या नवे लिंग घेऊन आले, नवा शिवदार, नवी करडगी. तिने त्यांना नमस्कार केला, बसायला पाट दिला, चहा दिला. आणि म्हणाली, “बेड, अय्या. नको आता.”

“अक्का, तुम्हीच म्हणाला होता, जुनं तितं पडलंय म्हणून दुसरं नको. आता मास्तर सांगतात गेलं.”

“गेलंच. मग संपलं की.”

“असं कसं संपंल? तुमी अजून हाय की.”

“मी हाय. मी जेवते की आता. विचारा यांना.”

आणि ते खरे होते. मी अय्यांकडे गेलो होतो तेवढ्या वेळात तिने टोपलीतली आदल्या दिवशीची भाकरी काढून खाल्ली होती; ताट ओट्यावर तसेच होते. अय्या बराच वेळ थांबले. त्यांनी तिला समजावले, आठवण दिली, तिच्या वडिलांचे नाव घेतले. शेवटी नवे लिंग त्यांनी कापडात गुंडाळून परत आपल्या पिशवीत ठेवले. दारात चपला घालताना ते मला म्हणाले, “मास्तर, ती उपाशी होती तवा मला एवढी काळजी वाटली न्हवती.”

तिचे जेवण सुरू झाले. सकाळी उठली की ती स्नानाची वाट पाहत नाही. भाकरी करते आणि तव्याजवळच बसून खाते. मी पूजेला बसतो तेव्हा मला तिच्या चावण्याचा आवाज ऐकू येतो. पूर्वी मी सवयीने पूजा करत असे. आता लिंग तळहातावर घेतले की त्यावर भोंगा वाजला नव्हता एवढेच आठवते, आणि मंत्र मध्येच तुटतात. मी दार लोटून घेऊ लागलो आहे. मुलगी फोनवर म्हणते, “अप्पा, अव्वा जेवायला लागली, बरं झालं. मला तर भीती वाटत होती.” विक्रेत्याचा संदेश आला होता; सणानिमित्त किमतीत सूट आहे, काका, ठरवलंत का? मी त्याला नको म्हणून कळवले. कारण त्याने विचारले नाही.

मध्यंतरी तिला डॉक्टरांकडे नेले. अहवाल चांगला होता. त्यांनी कागद पाहिला, तिच्याकडे पाहिले, समाधानाने मान डोलावली. “जे काय केलंत, सर, ते असंच चालू ठेवा.”

“यांनीच केलं,” ती म्हणाली.

बाहेर आलो तर पाऊस भुरभुरत होता. रस्त्याच्या कडेला गाड्यावर भजी तळत होते. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने रस्त्यावर उभे राहून कधी काही खाल्ले नव्हते. मला वाटे, तिला तो वास आवडतच नसेल.

“भजी खाऊ या,” ती म्हणाली.

“इथे? उभ्याने?”

“मग काय पाट मांडायचा रस्त्यात?”

गाडेवाल्याने कागदावर भजी दिली. “आजी, मिरची देऊ?”

“दे की. दोन दे.”

ती खात होती. घाई नाही, आवडनिवड नाही. एक संपले की दुसरे. कागद रिकामा झाल्यावर तिने तो गाडेवाल्यापुढे धरला आणि त्याने तो पुन्हा भरला. मी छत्री तिच्या डोक्यावर धरून उभा होतो. येणाऱ्याजाणाऱ्यांना एक म्हातारी भुकेने भजी खाताना दिसली असेल, याहून अधिक काही नाही. महिनोन्‌महिने मी हेच मागत होतो. तिला चव लागते आहे की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून मला ठरवता येईना, आणि विचारण्याचे धैर्य झाले नाही.